धावल्यानंतर लागणारी धाप : श्वासनलिकांचे आकुंचन व ते दूर करणारी औषधे

शालेय क्रीडास्पर्धांच्या दिवसांत बहुतेक क्रीडाशिक्षकांच्या पाहण्यात येणारी एक गोष्ट आहे. शर्यत संपल्यावर मुलांना धाप लागलेली असते. परंतु दोन-चार मिनिटांत ती ओसरते आणि मुले हसू-बोलू लागतात. एखाद्या मुलाचे मात्र नेमके उलट होते. धावताना ते इतरांच्या बरोबरीने धावते, आणि थांबल्यानंतर पाच-सात मिनिटांनी त्याला कोरड्या खोकल्याची ढास लागते, छाती आवळल्यासारखी होते, श्वास बाहेर सोडताना बारीक शिटीसारखा आवाज येऊ लागतो. अर्ध्या-पाऊण तासाने सारे आपोआप निवळते. दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा ठणठणीत दिसते.

अशा मुलाविषयी सर्वसाधारणपणे दोन समज रूढ आहेत. एक, मूल प्रकृतीनेच नाजूक आहे. दुसरा, ते अंगचोर आहे. पहिल्या समजापायी पालक शिक्षकांना चिठ्ठी देऊन त्यास खेळातून वगळण्याची विनंती करतात. दुसऱ्यापायी शिक्षक त्यास बोल लावतात. दोन्हींचा परिणाम एकच होतो : वाढीच्या वयात मूल मैदानापासून दूर राहते. वस्तुतः हे दोन्ही समज चुकीचे आहेत. जलद श्वसनामुळे श्वासनलिकांचे होणारे तात्पुरते आकुंचन हे या त्रासाचे कारण असून ते बहुतांशी टाळता येते. ते कसे घडते, त्यावर कोणती औषधे आहेत आणि त्या औषधांच्या मर्यादा कोणत्या, याची माहिती या लेखात देण्याचे योजिले आहे.

दम लागणे आणि दमा

श्रमाने लागणारी धाप आणि रोगामुळे लागणारी धाप यांतील भेद आपल्या प्राचीन वैद्यांच्या ध्यानी आलेला होता. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील क्षुद्रश्वास हा श्रमादी कारणांनी उद्भवणारा, शरीरास विशेष पीडा न देणारा व विश्रांतीने शमणारा आहे. तर तमकश्वास म्हणजे ज्यास आपण दमा म्हणतो तो विकार होय. ग्रीक वैद्य ॲरिटीअस यानेही सुमारे अठराशे वर्षांपूर्वी धावणे, व्यायाम यांमुळे श्वास कष्टाने चालू लागणे हे दम्याचे लक्षण म्हणून नोंदविले आहे. आपण येथे ज्या त्रासाचा विचार करीत आहोत तो या दोहोंच्या सीमेवर आहे. त्याचे निमित्त श्रम हे असते. परंतु श्रम थांबल्यावर तो शमण्याऐवजी वाढतो. हीच त्याची मुख्य खूण होय.

दमा असलेल्या बहुसंख्य रुग्णांना हा त्रास कमीअधिक प्रमाणात होतो. एरवी दम्याचे कोणतेही लक्षण नसलेल्या काही व्यक्तींनाही तो होतो, आणि अशांत उत्तम खेळाडूंचाही समावेश असतो.

श्वासमार्गाची रचना

घशाखालून निघणारी मुख्य श्वासनलिका छातीत दुभंगते. तिच्या प्रत्येक शाखेस पुन्हा दोन फाटे फुटतात, आणि असे सुमारे तेवीस वेळा घडून शेवटी अतिसूक्ष्म वायुकोश लागतात. रक्त व हवा यांमधील प्राणवायूची देवाणघेवाण तेथे होते. श्वासनलिकांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंची वलये असतात, म्हणजे आपल्या इच्छेने ज्यांची हालचाल करता येत नाही असे स्नायू. नलिकेच्या आतील बाजूस ओलसर अस्तर असते व त्यावर पाण्याचा अत्यंत पातळ थर पसरलेला असतो.

ही वलये आवळली गेली की नलिकेचे तोंड अरुंद होते. येथे भौतिकशास्त्रातील एक नियम ध्यानात घेणे अगत्याचे आहे. संथ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहास होणारा विरोध दुप्पट नव्हे, तर सोळापट होतो. थोड्याशा आकुंचनानेही रुग्ण एवढा कासावीस का होतो, आणि थोड्याशा प्रसरणानेही त्यास एवढा आराम का पडतो, याचे उत्तर या नियमात आहे.

जलद श्वसनाने काय घडते

स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. ही हवा नाकातून जाताना गाळली जाते, कोमट होते व ओली होते. वायुकोशापर्यंत पोहोचताना तिचे तापमान शरीराइतके, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस असते आणि तिच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ४४ मिलिग्रॅम पाण्याची वाफ असते. बाहेरच्या हवेत जेवढी वाफ कमी, तेवढी भर श्वासमार्गाच्या अस्तरास घालावी लागते.

जोराने धावताना मिनिटाला साठ लिटर किंवा त्याहूनही अधिक हवा आत-बाहेर होते. एवढी हवा नाकास पुरवता येत नाही, म्हणून मनुष्य तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि हवा कोमट व ओली करण्याचे काम खोलवरच्या श्वासनलिकांवर येऊन पडते. हवेचे तापमान १५ अंश व आर्द्रता निम्मी असेल, तर तिच्या प्रत्येक लिटरमध्ये सहा-साडेसहा मिलिग्रॅमच वाफ असते. अशी साठ लिटर हवा ओली करण्यास मिनिटाला दोन ग्रॅमांहून अधिक पाणी लागते. श्वास सोडताना यातील काही पाणी अस्तरास परत मिळते, परंतु सर्व नाही. अस्तरावरील थर मुळातच अत्यंत पातळ असल्यामुळे एवढी हानीही त्यास झेपत नाही.

थर आटला की त्यातील क्षारांचे प्रमाण वाढते आणि आसपासच्या पेशींतील पाणी बाहेर खेचले जाते. त्यामुळे अस्तरातील काही विशिष्ट पेशी हिस्टामीन, ल्युकोट्राइन यांसारखी द्रव्ये सोडतात. ही द्रव्ये स्नायूंच्या वलयांना आवळतात. ज्यांच्या श्वासनलिका निरोगी आहेत त्यांच्यात हा परिणाम नगण्य असतो. ज्यांच्या नलिकांत आधीच दाह आहे त्यांच्यात तो तीव्र असतो. धावणे चालू असेपर्यंत खोल श्वासांमुळे नलिका ताणलेल्या राहतात व आकुंचन फारसे जाणवत नाही. धावणे थांबताच हा ताण कमी होतो आणि पाच ते दहा मिनिटांत त्रास शिगेला पोहोचतो.

स्थळकाळाचा प्रभावही यावरून उमगतो. गोव्याच्या किनाऱ्यावर २७ अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असताना हवेच्या एका लिटरमध्ये वीस मिलिग्रॅमांच्या आसपास वाफ असते. उलटपक्षी, १० अंश तापमानाची हवा पूर्ण आर्द्र असली तरी तिच्यात नऊ-साडेनऊ मिलिग्रॅमांहून अधिक वाफ मावत नाही. म्हणून ग्वाल्हेरकडे जानेवारीच्या पहाटे धुके पडलेले असले तरी फुप्फुसांच्या दृष्टीने ती हवा कोरडीच होय. किनाऱ्यावर विनासायास धावणारे मूल हिवाळ्यात इंदूर वा ग्वाल्हेर येथील स्पर्धेस गेले असता खोकू लागले, तर त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

दोष धावण्याचा नव्हे, श्वासाचा

हा त्रास पायांच्या श्रमामुळे होतो की श्वासाच्या वेगामुळे, या प्रश्नाचा उलगडा प्रयोगांनी झालेला आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मॅकफॅडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, त्याच रुग्णास तेवढाच व्यायाम शरीराइतक्या उष्ण व पूर्ण आर्द्र हवेत करावयास लावला असता आकुंचन जवळजवळ होत नाही. पुढे ऑस्ट्रेलियातील सँड्रा अँडरसन यांनी थंडीपेक्षा अस्तर कोरडे पडण्यास अधिक महत्त्व असल्याचे प्रतिपादन केले, आणि आज त्या विचारास मोठी मान्यता आहे.

याच तत्त्वावर एक चाचणी आधारलेली आहे. रुग्णास खुर्चीत बसवून सहा मिनिटे कोरडी हवा जलद गतीने श्वसावयास लावतात. नुसते जलद श्वसन केले असता रक्तातील कर्बद्विप्राणील वायू कमी होऊन चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात. म्हणून त्या हवेत पाच टक्के कर्बद्विप्राणील वायू मिसळलेला असतो. पहिल्या एका सेकंदात जोराने बाहेर सोडता येणारी हवा चाचणीपूर्वी व चाचणीनंतर मोजतात. ती दहा टक्के किंवा अधिक घटली, तर श्वासनलिका संवेदनक्षम आहेत असे समजले जाते. रुग्ण एक पाऊलही न धावता त्यास धावल्यासारखाच त्रास होतो. तेव्हा दोष धावण्याकडे नसून जलद व कोरड्या श्वासाकडे आहे, हे निर्विवाद होय. पुष्कळ हसणे, हुंदके देऊन रडणे यांनीही दम्याच्या रुग्णास उबळ येते, तिचे एक कारण हेच. भस्त्रिकेसारख्या जलद श्वसनाच्या क्रिया दम्याच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नयेत, असे सांगावयाचे ते याच कारणास्तव.

श्वासनलिका रुंदावणारी औषधे

आवळलेली वलये सैल करणाऱ्या औषधांना श्वासनलिका-विस्फारक औषधे म्हणतात. त्यांचा इतिहास जुना आहे. धोतऱ्याचा धूर दम्यावर ओढण्याची रीत भारतातून एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडात गेली. धोतरा हा विषारी असल्यामुळे तो उपाय आज सर्वस्वी त्याज्य आहे. परंतु त्यातील ॲट्रोपीन या द्रव्याच्या रचनेवरून इप्राट्रोपियम हे सुरक्षित औषध तयार झाले. चीनमधील मा-हुआंग या वनस्पतीपासून जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी १८८५ मध्ये एफेड्रीन वेगळे केले. विसाव्या शतकाच्या आरंभी ॲड्रेनॅलिनची सुई दम्यावर देण्यात येऊ लागली. या औषधांनी श्वास मोकळा होई, पण हृदयाची धडधडही वाढे.

असे का होते, याचे स्पष्टीकरण १९४८ मध्ये अमेरिकेतील आल्क्विस्ट यांनी दिले. ॲड्रेनॅलिनचा संदेश स्वीकारणारे ग्राही शरीरात एकाच प्रकारचे नसतात, असे त्यांनी मांडले. पुढे १९६७ मध्ये हृदयातील व श्वासनलिकांतील ग्राहींमधील भेदही स्पष्ट झाला. तेव्हा केवळ श्वासनलिकांवर प्रामुख्याने कार्य करील अशा औषधाचा शोध सुरू झाला. ब्रिटनमध्ये डेव्हिड जॅक यांच्या पथकाने तयार केलेले साल्ब्युटामॉल १९६९ मध्ये बाजारात आले. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या सूचीत आहे.

फवाऱ्यावाटे घेतलेल्या साल्ब्युटामॉलचा परिणाम काही मिनिटांत सुरू होतो व चार ते सहा तास टिकतो. व्यायामापूर्वी दहा-पंधरा मिनिटे ते घेतले असता बहुतेक रुग्णांत आकुंचन टळते. हे संरक्षण साधारणतः दोन ते चार तास पुरते. याचे प्रमाण वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवून द्यावयाचे असते.

पंपाविषयीचे गैरसमज

आपल्याकडे ज्यास पंप म्हणतात त्या फवाऱ्याविषयी ग्रामीण भागांतच नव्हे, तर शहरांतही भीती आढळते. 'पंप म्हणजे शेवटचा उपाय', 'पंपाची सवय लागते', 'मुलीला पंप दिला तर लग्नात अडचण येईल' अशी विधाने नेहमी कानी पडतात. त्याऐवजी गोळी किंवा पातळ औषध मागितले जाते. यासंबंधी एकच तुलना पुरेशी आहे. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या चाळीसपट असते. गोळी पोटातून रक्तात व रक्तातून सर्व शरीरात जाते, उशिरा लागू पडते आणि हात कापणे, छाती धडधडणे हे उपद्रव अधिक करते. फवारा मात्र जेथे दुखणे आहे तेथेच थोडके औषध नेऊन पोहोचवितो. तेव्हा पंप हे जालीम औषध नसून सौम्य औषध होय. त्याचे व्यसनही लागत नाही.

पंप योग्य रीतीने ओढणे लहान मुलांना जमत नाही. औषध घशातच राहते. त्यासाठी स्पेसर नावाचे पोकळ नळकांडे वापरतात. फवारा त्यात सोडून मुलाने सावकाश पाच-सहा श्वास घ्यावयाचे असतात. स्पेसर विकत घेणे परवडत नसेल तर ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडास पंपाच्या तोंडाएवढे छिद्र पाडून तीही वापरता येते. अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयुक्त ठरते, असे दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथील अभ्यासात आढळून आले व तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. छिद्र पंपाभोवती घट्ट बसेल असे करावे व बाटली स्वच्छ असावी, एवढी दक्षता घ्यावी.

औषधाची मर्यादा

या औषधाचे गुण सांगितल्यावर त्याची मर्यादा सांगणे तितकेच आवश्यक आहे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने जीव गेलेले आहेत. विस्फारक औषध स्नायू सैल करते. अस्तरातील दाह शमवीत नाही. त्रास झाला की पंप, बरे वाटले की विसर, असे वर्षानुवर्षे चालले तर आतला दाह वाढत जातो आणि एखाद्या दिवशी पंपाने उतार पडेनासा होतो. १९६० च्या दशकात इंग्लंड व वेल्समध्ये आयसोप्रिनॅलिन या जुन्या विस्फारकाचे तीव्र मात्रेचे पंप सर्रास वापरले जाऊ लागले. त्या काळात तरुण रुग्णांतील दम्याचे मृत्यू चिंताजनक प्रमाणात वाढले. त्याविषयी इशारे देण्यात आल्यावर व वापरास आळा बसल्यावर ते घटले.

दुसरी गोष्ट अशी की, विस्फारक औषध रोज नियमाने घेतले तर व्यायामापूर्वी मिळणारे त्याचे संरक्षण हळूहळू कमी होते. म्हणून ज्यास आठवड्यातून अनेकदा पंपाची गरज भासते, त्याचा दमा आटोक्यात नाही असे समजावे. अशा रुग्णास दाह शमविणारे स्टिरॉइडचे फवारे नियमित घेण्याची आवश्यकता असते. १९७२ पासून उपलब्ध असलेल्या या फवाऱ्यांत औषधाची मात्रा अल्प असते. स्टिरॉइडच्या गोळ्यांशी त्यांची गल्लत करू नये. मात्र फवारा घेतल्यावर चूळ भरावी. दम्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे ठरविणाऱ्या 'जीना' या जागतिक मंडळाने २०१९ मध्ये असा निर्णय दिला की, बारा वर्षांवरील कोणत्याही रुग्णावर केवळ तात्पुरत्या विस्फारक औषधाने उपचार करू नयेत. दाहशामक फवाऱ्याची जोड हवीच.

मैदानावर घ्यावयाची काळजी

औषधाव्यतिरिक्त काही साधे उपाय शिक्षकांच्या हाती आहेत. मुख्य शर्यतीपूर्वी दहा-पंधरा मिनिटे थांबून थांबून हलके धावण्याचा सराव करून घ्यावा. पुष्कळ मुलांत अशा सरावानंतर दोन-तीन तासपर्यंत आकुंचन कमी होते. थंड हवेत नाकातोंडावरून मफलर किंवा उपरणे गुंडाळावे; सोडलेल्या श्वासाची ऊब व ओल त्यात राहते. शक्य तोवर नाकाने श्वास घेण्याची सवय लावावी. सलग लांब धावण्यापेक्षा मध्ये मध्ये विश्रांती असलेले खेळ अशा मुलांना अधिक सोसतात. सर्दी-पडसे असताना, तसेच धूळ वा धूर असलेल्या जागी जोराचा व्यायाम टाळावा.

मैदानावर उबळ आल्यास मुलास आडवे न करता ताठ बसवावे, भोवतालची गर्दी हटवावी व त्याचा पंप स्पेसरमधून द्यावा. एका वेळी एक असे चार फवारे देऊन चार मिनिटे थांबावे. उतार न पडल्यास पुन्हा चार द्यावेत व त्याच वेळी रुग्णालयात नेण्याची व्यवस्था करावी. बोलताना वाक्य पुरे न होणे, ओठ निळसर पडणे, श्वास घेताना फासळ्यांमधील भाग आत ओढला जाणे, गुंगी येणे ही धोक्याची चिन्हे होत. ती दिसताच क्षणाचाही विलंब करू नये. शिटीचा आवाज एकाएकी थांबला आणि मूल थकलेले दिसले, तर ते बरे झाल्याचे लक्षण नव्हे; हवाच आत जात नसल्याचे ते लक्षण असू शकते. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा उपाय अशा वेळी कदापि करू नये.

प्रत्येक धाप ही दम्याचीच असते असेही नाही. रक्तक्षय, हृदयाच्या झडपांचे विकार, सरावाचा अभाव यांनीही धाप लागते. धावताना छातीत दुखणे किंवा भोवळ येऊन पडणे ही लक्षणे असल्यास खेळ ताबडतोब थांबवून हृदयाची तपासणी करून घेतलीच पाहिजे. म्हणूनच निदान हे काम वैद्यकीय अधिकाऱ्यांचे आहे, अंदाजाचे नव्हे.

नोंदीचे महत्त्व

या संदर्भात अधिकारीवर्गाने लक्षात ठेवावी अशी एक घटना आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा सोळा वर्षांचा जलतरणपटू रिक डीमाँट याने ४०० मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. तो दम्यावर एफेड्रीन असलेले औषध घेत असे व ते त्याने आपल्या पथकास आगाऊ कळविले होते. ती माहिती योग्य ठिकाणी पोहोचली नाही. चाचणीत एफेड्रीन आढळले आणि त्याचे पदक काढून घेण्यात आले. २००१ मध्ये अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीने त्याने औषधाची माहिती रीतसर दिली होती हे मान्य केले. परंतु पदक परत मिळाले नाही. दोष ना मुलाचा होता, ना त्याच्या फुप्फुसांचा. तो कागदाचा होता.

बारा वर्षांनी, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये, याच देशाच्या पथकात ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामाने श्वासनलिका आकुंचन पावण्याचा त्रास असल्याचे आधीच तपासून ठेवण्यात आले होते. त्या ६७ जणांनी ४१ पदके मिळविली. आज फवाऱ्यावाटे ठरावीक मर्यादेत साल्ब्युटामॉल घेण्यास क्रीडा नियमांची मुभा आहे.

आपल्या शाळांतूनही हे होण्यासारखे आहे. वर्षारंभी होणाऱ्या आरोग्य तपासणीत 'धावल्यानंतर खोकला येतो काय?' हा एक प्रश्न प्रत्येक मुलास विचारला जावा. होकारार्थी उत्तर आल्यास त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, निदान व औषध यांची नोंद शाळेच्या दप्तरी ठेवावी, आणि क्रीडाशिक्षकास ती माहीत असावी. मुलाचा पंप कुलूपबंद कपाटात न ठेवता मुलाजवळ किंवा मैदानावरील शिक्षकाजवळ असावा. पालकांनी खेळातून वगळण्याची चिठ्ठी देण्याऐवजी उपचारांची चिठ्ठी द्यावी. एवढे घडले तर मैदानाच्या कडेला बसून इतरांचा खेळ पाहणारी अनेक मुले स्वतः धावू लागतील.